तान्ह्या बाळाची पातळ शी: आधी काय बघायचं, कारण कसं शोधायचं, इस्पितळ कधी गाठायचं

बाळाने नेहमीपेक्षा दोन लंगोट जास्त भरवले की घरात एकच प्रश्न सुरू होतो, "कशाने झालं?" आजी म्हणते दात येताहेत. शेजारीण म्हणते दृष्ट लागली. कुणीतरी बाळंतिणीकडे बघून विचारतं, "काल फणस खाल्लास ना?" आणि ती बिचारी आधीच अर्धमेली झालेली असते. आमच्याकडे गोव्यात, डिचोलीत, दोन्ही मुलांच्या वेळी ही सभा भरली होती, आणि सभेत सगळे होते, फक्त बाळाने शू कधी केली हे सांगू शकणारं कुणी नव्हतं.

म्हणून हा लेख. कारण महत्त्वाचं आहे, पण त्याचा नंबर दुसरा. पहिला नंबर पाण्याचा: अंगातून किती गेलं आणि किती परत गेलं. मी डॉक्टर नाही. बाळाच्या डॉक्टरांनी आणि आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने जे पुन्हा पुन्हा समजावलं, ते क्रमाने लिहिते आहे. सगळं एक वर्षाच्या आतल्या बाळांसाठी आहे.

१. ही हगवण आहे का, हे आधी ठरवा

पहिलटकरणींचा निम्मा घोळ इथेच होतो. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पातळच असते. पिवळी, वाटलेल्या मोहरीसारखी दाणेदार, कधी थोडी हिरवट. पहिल्या काही आठवड्यांत दर वेळी पाजल्यावर शी होणं, म्हणजे दिवसाला आठ-दहा लंगोट, हेही चालतं. पोटात दूध गेलं की आतडी हलतात, इतकंच त्याचं कारण. बाळ नीट पीत असेल, वजन वाढत असेल, अंगात ताप नसेल, तर ती हगवण नाही. हेच बाळ दीड-दोन महिन्यांनंतर तीन-चार दिवस शीच करत नाही आणि मग घर उलट्या बाजूने घाबरतं. तेही बहुधा ठीकच असतं.

जन्मल्यावर पहिले दोन-तीन दिवस शी काळी-हिरवी, चिकट असते. त्यानंतर ती पिवळी व्हायला लागते. हा बदल बघून धावपळ नको.

मग हगवण कशाला म्हणायचं? जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे: दिवसात तीन किंवा जास्त पातळ शी, किंवा त्या मुलाच्या नेहमीपेक्षा जास्त वेळा. तान्ह्यांसाठी त्यातला दुसरा भागच कामाचा. तुमच्या बाळाचं रोजचं काय आहे ते तुम्हालाच माहीत असतं. अचानक संख्या वाढली, शी पाण्यासारखी झाली आणि लंगोटात दाणे न दिसता नुसता ओला पसारा दिसू लागला, वास बदलला, तर हगवण समजा.

एक अडचण डायपरची. पाण्यासारखी शी डायपर शोषून घेतो आणि ती शू वाटते. शंका आली की त्या दिवसापुरतं डायपर बाजूला ठेवून सुती लंगोट बांधा. कपडे जास्त धुवावे लागतील, पण काय चाललंय ते डोळ्यांना दिसेल.

२. शी नाही, शू मोजा

बाळाला धोका शीपेक्षा कोरडं पडण्याचा जास्त. इवल्याशा अंगातलं पाणी संपायला वेळ लागत नाही. म्हणून कागद घ्या आणि दोन रकाने करा: शू किती वाजता, शी किती वाजता आणि कशी. फोनमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण रात्री आजीलाही लिहिता आलं पाहिजे. मला कागदच बरा वाटतो. दाराला टाचणीने लावायचा.

हे बघत राहा:

- सहा तासांत एकही लंगोट शूने ओला झालेला नाही, किंवा शू गडद पिवळी आहे
- तोंड, जीभ कोरडी, रडताना डोळ्यांत पाणी नाही
- टाळू आत गेलेली (बाळ शांत असताना, उभं धरून बघा)
- डोळे खोल गेलेले
- बेंबीच्या बाजूची पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच सपाट न होता हळूहळू बसते
- बाळ चिडचिडं, अधाशासारखं पिणारं, किंवा उलट मलूल, उठवलं तरी न उठणारं

शेवटच्या ओळीतला मलूलपणा सगळ्यात वाईट. रडणारं बाळ घर डोक्यावर घेतं म्हणून सगळे त्याच्याकडे बघतात. गप्प झालेलं बाळ "झोपलं बापडं" म्हणून सुटतं. तसं सोडू नका.

३. पाणी परत द्या: अंगावरचं दूध आणि ओआरएस

अंगावर पाजणं थांबवायचं नाही. "पोटाला आराम द्या" हा सल्ला कुणीही दिला तरी नाही. उलट जास्त वेळा छातीशी घ्या. वरचं दूध चालू असेल तर तेही नेहमीच्या प्रमाणात, पाणी न वाढवता.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा प्रश्न घरी सोडवू नका. पाजत राहा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. त्यापुढच्या बाळाला दर पातळ शीनंतर ओआरएस (पाकिटातल्या मीठ-साखरेच्या पावडरीचं पाणी) ५० ते १०० मिलि., म्हणजे साधारण पाव ते अर्धा कप. वाटी-चमच्याने, सावकाश. बाटलीने गटागटा दिलं तर उलटी होणारच. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. हात भरून येतो, घरातल्यांनी पाळी लावा.

ओआरएसच्या बाबतीत तीन सापळे आहेत.

पहिला पाकिटाच्या आकाराचा. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, छोटं २०० मिलि.साठी. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळलं तर मीठ इतकं जास्त होतं की बाळाला अपायच होतो. अर्धं पाकीट अंदाजाने टाकणंही नको. पाकिटावरचा आकडा वाचा, उकळून गार केलेलं पाणी मापाच्या बाटलीने मोजा, पूर्ण पाकीट टाका, झाकून ठेवा, २४ तासांनी उरलेलं ओता. त्यात साखर, लिंबू, दूध काही घालायचं नाही.

दुसरा सापळा फार्मसीच्या काउंटरवर. "ओआरएस द्या" म्हटलं की फळांच्या चवीचा गोड टेट्रापॅक पुढे यायचा. त्यात साखर फार असते आणि जास्त साखरेने जुलाब वाढतात. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने, असल्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. तरी तुम्ही पावडरचं पाकीटच मागा आणि त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते बघा.

तिसरा म्हणजे "एवढ्याशा पावडरीने काय होणार?" ही वृत्ती. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी लोकांना पाजायला दिलं आणि मरणाऱ्यांचं प्रमाण एकदम खाली आलं. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं ते २०२३मध्ये. त्या स्वस्त पाकिटाला कमी लेखू नका.

शहाळ्याचं पाणी आपल्याकडे अंगणातच मिळतं म्हणून मोह होतो. पण त्यात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असतं. जुलाबात नेमकं सोडियम जातं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर ते नकोच, आणि मोठ्यालाही ओआरएसऐवजी नको. कोकम सरबत आणि पॅकबंद ज्यूसचं नाव काढू नका.

४. आता कारण

पाणी सुरू झालं, कागद दाराला लागला, आता बसून विचार करा. वय आणि गेल्या आठवड्यातले बदल, या दोन गोष्टींतून बहुतेक वेळा दिशा मिळते.

*विषाणू.* सगळ्यात जास्त वेळा हेच. आधी उलटी, थोडा ताप, मग पाण्यासारखे जुलाब. घरात मोठं भावंड शाळेत जाणारं असेल तर तिथून येतं. लहान मुलांच्या तीव्र जुलाबांमागे रोटाव्हायरसचा मोठा वाटा आहे आणि आपल्याकडे त्याचा जोर थंडीच्या महिन्यांत जास्त दिसतो. त्याची लस तोंडाने देतात, ६, १० आणि १४ आठवड्यांना. सरकारी लसीकरणात ती २०१६पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०१९मध्ये देशभर झाली, त्यामुळे आरोग्य केंद्रात फुकट मिळते. लस घेतलेल्या बाळालाही जुलाब होऊ शकतात, पण जीवावर बेतण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. तीन ते सात दिवसांत ओसरतं.

*पाणी आणि हात.* गोव्यात हे वेगळं सांगायलाच हवं. जून लागला, दोन-तीन मोठ्या सरी झाल्या की अंगणातल्या विहिरीचं पाणी तांबूस दिसायला लागतं. वरून वाहून आलेलं सगळं तिच्यात उतरतं, आणि संडासाचा शोषखड्डा (सोकपिट) जवळ असेल तर खालूनही झिरपतं. आपल्याला वर्षानुवर्षं तेच पाणी पचलंय म्हणून बाळाला पचेल असं नाही. नळाचं पाणीही मे महिन्यात टँकरचं आणि साठवणीचं असतं. फिल्टर असो वा नसो, बाळाच्या वाटी-चमच्यापर्यंत जाणारं पाणी खळखळ उकळलेलंच हवं. विहिरीत ब्लीचिंग पावडर कधी आणि किती टाकायची ते आरोग्य केंद्रात विचारा, अंदाजाने ओतू नका.

हातांचं तर काय सांगावं. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, आणि बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरत असतं. प्रत्येक जण प्रेमाने पायसात बोट बुडवतो आणि बाळाच्या ओठाला लावतो. त्याच बोटाने आधी फुगडीला हात धरलेला असतो, अंगणातली चप्पल सरळ केलेली असते. दुसऱ्या दिवशी जुलाब झाले की नाव पायसाचं. मी तर सरळ सांगायचे, "बाळाला घ्या, पण आधी साबणाने हात, आणि तोंडात काही नाही." चार माणसांना राग आला. येऊ दे.

*डब्याचं दूध आणि बाटली.* अंगावर पिणाऱ्या बाळापेक्षा वरच्या दुधावरच्या बाळाला जुलाब जास्त होतात. दोष बऱ्याचदा दुधापेक्षा बाटलीचा. निपलच्या आतल्या कडेला बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर ती धुतली गेलेलीच नाही. तयार केलेलं दूध खोलीत दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि बाळाने तोंड लावून उरवलेलं तर लगेच टाकायचं. गोव्याच्या दमट हवेत यात सूट नाही. पावडरचं माप डब्यावर असेल तेच, आणि डब्यातल्याच चमच्याने. एका डब्याचा चमचा दुसऱ्या डब्यात वापरू नका. शक्य असेल तिथे बाटली सोडून वाटी-चमचा धरा.

*नवीन खाणं.* सहा महिने पूर्ण झाले की पेज, वरण, नाचणीचं सत्व, कुस्करलेलं केळं सुरू होतं आणि शीचा रंग, वास, घट्टपणा रोज बदलतो. शीत गाजराचे तुकडे जसेच्या तसे दिसले तरी ते जुलाब नाहीत. एका वेळी एकच नवा पदार्थ, दोन-तीन दिवस तोच. म्हणजे काही बिनसलं तर कुणावर बोट ठेवायचं ते कळतं. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, चाटवायलाही नाही. त्यातून होणारा एक विषार तान्ह्यांचे स्नायू लुळे पाडतो.

*औषधं.* बाळाला कानासाठी किंवा छातीसाठी अँटिबायोटिक चालू असेल तर त्यानेच शी पातळ होऊ शकते. स्वतःहून थांबवू नका, ज्यांनी दिलं त्यांना फोन करा.

*जुलाबानंतरचे जुलाब.* विषाणूने आतड्याचं अस्तर खरवडलं गेलं की दुधातली साखर काही दिवस पचत नाही. शी फेसाळ, आंबूस वासाची, फुसकन बाहेर पडणारी, ढुंगण लालभडक. बहुतेक बाळांचं हे आपोआप सुधारतं. एवढ्यासाठी अंगावरचं दूध तोडू नका, आणि "लॅक्टोज फ्री" डबा डॉक्टरांना न विचारता आणू नका.

*गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी.* ही कमी बाळांना असते. शीत शेंब, रक्ताच्या बारीक रेषा, अंगावर पुरळ, वजन न वाढणं. आई दूध-दही खात असेल तर फक्त अंगावर पिणाऱ्या बाळालाही होऊ शकते. निदान डॉक्टर करतील. तुम्ही मनानेच आईचं दूध-तूप तोडून तिला अशक्त करू नका.

*दुसरीकडचा आजार.* लघवीच्या मार्गाचा किंवा कानाचा संसर्ग झाला तरी तान्ह्यांना जुलाब, उलटी होते. ताप आहे आणि कारण सापडत नाही, तर लघवी तपासायला सांगतात ती यासाठी.

आणि दात? दातांमुळे लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, बाळ किरकिरतं. हगवण त्यातून होत नाही. होतं असं की त्याच वयात बाळ रांगायला लागतं आणि जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालतं. "दात येताहेत, होणारच" म्हणून आठवडा काढणारी घरं मी पाहिली आहेत.

आईच्या खाण्याचंही तसंच. फणस, चणाडाळ, आंबा यांनी बाळाला जुलाब झाल्याचा दोष बाळंतिणीच्या माथी मारणं बहुतेक वेळा चुकीचं असतं. तिला पोटभर जेवू द्या.

५. घरचे उपाय: कुठे गप्प बसायचं, कुठे आडवं यायचं

दृष्ट काढायची तर काढा. मीठ-मिरच्या ओवाळल्याने बाळाचं काही बिघडत नाही, आजीलाही बरं वाटतं. फक्त ओआरएसची वाटी आधी.

गुटीला मात्र मी आडवी येते. मुरडशेंग, बाळहिरडा, जायफळ, वेखंड सहाणेवर उगाळून देतात. सहाण देवघरातली, तीवर कालचं गंध सुकलेलं, पाणी कुठलं ते विचारायचं नाही, आणि वेढे किती द्यायचे हे ज्याच्या त्याच्या हातावर. सहा महिन्यांपर्यंत अंगावरच्या दुधाशिवाय काही नको असं डॉक्टर सांगतात. जुलाब चालू असताना तर नकोच. ग्राइप वॉटरही नको.

पोटावर फेणी चोळणारे अजून आहेत. तान्ह्याची कातडी पातळ असते, दारू आत जाते. स्पष्ट नाही म्हणा.

शी बंद करायच्या गोळ्या तर बाळाच्या जवळपासही नकोत. मोठ्यांसाठीची लोपेरामाइड दोन वर्षांच्या आत देत नाहीत. आणि फ्रिजच्या दारात मोठ्या मुलाचं उरलेलं अँटिबायोटिकचं सिरप असेल तर ते आजच टाकून द्या, म्हणजे रात्री दोन वाजता कुणाला आठवणार नाही.

६. हे दिसलं तर वाट बघायची नाही

- वय तीन महिन्यांच्या आत आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त
- शीत रक्त
- उलट्या थांबत नाहीत, पाजलेलं काहीच टिकत नाही, किंवा उलटी हिरवी आहे
- वर सांगितलेली कोरडं पडल्याची लक्षणं, फिट, मलूलपणा
- थांबून थांबून किंचाळणं, पाय पोटाशी घेणं, मधेच पांढरंफटक पडणं, आणि मग लालसर जेलीसारखी शी. यात आतड्याचा एक भाग दुसऱ्यात सरकलेला असू शकतो. तासांचा प्रश्न असतो.
- शी पांढरट, शाडूच्या मातीसारखी. हा जुलाब नाही, पण यकृताचा गंभीर त्रास असू शकतो, म्हणून दाखवायलाच हवं.

१०८ला फोन फुकट आहे. उत्तरेत म्हापशाचं आणि दक्षिणेत मडगावचं जिल्हा इस्पितळ, फोंड्याला उपजिल्हा इस्पितळ, आणि सगळ्यात मोठं बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज). लक्षणं वरची नसतील तर जवळचं आरोग्य केंद्र पुरेसं असतं आणि तिथे ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या मिळतात. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांत राहणाऱ्यांनी अंधार पडायची वाट बघू नये. पावसात रस्त्यावर झाड पडलं की पाऊण तासाचे दोन तास होतात.

७. पिशवीत काय हवं

- माता व बाल संरक्षण कार्ड (लसी आणि वजनं यातच असतात)
- दाराला लावलेला तो कागद
- शीचा मोबाईलवर फोटो, किंवा ताजा लंगोट बांधून
- चालू औषधांच्या बाटल्या, नाव सांगून भागत नाही
- आई-वडिलांचं आधार आणि गोव्यातल्या रहिवासाचा पुरावा, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर ते. गोमेकॉत परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागतं, म्हणून नव्याने राहायला आलेल्यांनी कागद जवळ ठेवावेत.
- कालवलेलं ओआरएस, वाटी, चमचा. रांगेत आणि रस्त्यातही पाजत राहायचं असतं.
- दुपटी, जुने लंगोट, प्लॅस्टिकची पिशवी, आईसाठी एक जादा ब्लाउज

डॉक्टर विचारतात ते ठरलेलं: कधीपासून, दिवसात किती, रक्त आहे का, उलटी, ताप, शेवटची शू कधी. उत्तर एकाच माणसाने द्या. तिघं बोलले की तीन आजार होतात.

८. जुलाब थांबल्यावर

जुलाबात सुरू केलेलं झिंक जुलाब थांबले तरी एकूण १४ दिवस द्यायचं असतं. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिग्रॅ., सहा महिन्यांनंतर २० मिग्रॅ., चमच्यात अंगावरच्या दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून. तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली की लोक गोळी बंद करतात. पुढच्या काही महिन्यांत पुन्हा जुलाब होऊ नयेत यासाठीही ती असते, तेव्हा १४ दिवस पूर्ण करा. दोन महिन्यांच्या आत झिंक देत नाहीत.

खाणारं बाळ असेल तर नेहमीची पेज, वरण, थोडं तूप चालू ठेवा, आणि पुढचे दोन आठवडे दिवसात एक वेळ जास्त भरवा. नुसत्या निवळीवर ठेवू नका. ढुंगण सोलवटलं असेल तर ओले वाइप्स बंद, कोमट पाण्याने धुऊन, टिपून, थोडा वेळ उघडं ठेवा, मग झिंक ऑक्साइडचं मलम. १४ दिवसांच्या पुढे जुलाब चालू राहिले तर साधं दुखणं समजायचं नाही, पुन्हा दाखवायचं. आणि कार्ड हातात आहेच तर रोटाव्हायरसच्या तिन्ही डोसांसमोर तारखा आहेत का बघा. राहिला असेल तर पुढच्या लसीकरणाच्या दिवशी सिस्टरला दाखवा.